तायडे कंट्रोलर हातात देत नाहीत

उत्तमच्या शिफारसपत्रात मी लिहिलं, 'सदर विद्यार्थी फुटबॉल चांगला खेळतो. मात्र चेंडूला हात लावण्याची त्याची सवय अद्याप सुटलेली नाही. शाळा प्रयत्न करीत आहे.'

उत्तम गोलकीपर होता.

मी तेव्हा मंगरूळपीरच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. ड्रिलमास्तर निवृत्त झाले आणि हेडमास्तरांनी खेळ माझ्या गळ्यात घातले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडे कॅनव्हासचे बूट आहेत." फुटबॉलचा एकच नियम मला ठाऊक होता, चेंडूला हात लावायचा नाही. मी तर तो कपाटातूनही शिपायाकरवी काढायचो.

उत्तमला खेळाडू केलं ते तायड्यांनी. तायडे एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. खाकी कपडे, कानावर पेन्सिल, आणि एक खोड, जी साऱ्या गावाला पाठ होती. ते कुणाला काही हातात देत नसत. फेकत. कंडक्टरला त्याची पेटी, चहावाल्याला रिकामा ग्लास, प्रवाशाला त्याचा राहिलेला डबा. "घे" म्हणायचं आणि वस्तू हवेत. एकदा एक पाटील गाडीत विसरलेली छत्री मागायला आले. "घ्या पाटील." छत्री पाटलांच्या पोटावर आदळून खाली पडली. तायडे मान हलवत म्हणाले, "सवय नाही तुमाले."

उत्तम त्यांना स्टँडवरच सापडला. तो इंझोरीहून रोज गाडीने शाळेत यायचा. उंच, हाडकुळा, मनगटं सदऱ्याबाहेर आलेली. एक दिवस गाडीच्या टपावरून हमालाच्या हातून बोचकं सुटलं, ते थेट खाली उभ्या म्हातारीच्या डोक्याच्या रोखाने. उत्तमने आडवं झेपावून ते अधांतरी धरलं. तायडे केबिनमधून बाहेर आले. "घे," म्हणून त्यांनी जेवणाचा डबा फेकला. मग शाईची दौत. तिसऱ्यांदा कंदिलाची काच. काच वाचली.

त्या दिवसापासून स्टँडमागच्या दोन कडुलिंबांमध्ये गोल झाला. ड्यूटी संपलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना तायडे ओळीत उभं करत आणि चेंडूला लाथा मारायला लावत. स्वतः बाजूला उभं राहून एकच वाक्य, "बॉल पाह्य, मारनारा नको पाहू." दोन वर्षं हे चाललं. तालुक्याच्या सामन्यांत उत्तमच्या अंगावरून चेंडू जाईना. मी संघाचा प्रमुख म्हणून हजर असायचो आणि त्याने चेंडू धरला की शरमेने मान खाली घालायचो.

उत्तम मॅट्रिक झाला. अमरावतीच्या एका कॉलेजात चांगल्या खेळाडूला फी माफ होती, वर वसतिगृहात जागा. उत्तमच्या बापाने सांगून टाकलं होतं, "घेतलं तं शिक. नाही तं पाटलाकडे सालदार म्हनून ठेवून येतो." म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या बैलांमागे.

"मास्तर, तुमी मराठीचे," तायडे म्हणाले. "झकास लिहा."

मी चार पानं झकास लिहिलं. हाताची गोष्ट तिसऱ्या पानावर आली.

आठ दिवसांत उत्तर आलं. 'सवय सुटल्यावर पुढील वर्षी विचार करता येईल.' मी ते तायड्यांना वाचून दाखवलं आणि म्हणालो, "नाही म्हटलेलं नाही. वर्षभरात सुटेल."

तायड्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "मास्तर, तो गोलकीपर आहे. त्याले हात लावाची परवानगी असते."

"कोणी दिली?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तायड्यांनी रजा टाकली. त्यांनी कधी रजा घेतलेली नव्हती, त्यामुळे लोक त्यांच्या घरी कोण वारलं म्हणून विचारू लागले. आम्ही तिघे अमरावतीला गेलो. तिथले खेळाचे सर माझं पत्र दुसऱ्या एका प्राध्यापकांना वाचून दाखवत होते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"हे कुणी लिहिलं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो. तायड्यांनी सरांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. "उत्तम, घे." पेपरवेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला अलगद थांबला. "आता तुमी टाका, साहेब."

साहेबांनी डस्टर टाकलं, मग किल्ल्यांचा जुडगा टाकला, मग सगळ्यांना मैदानावर नेलं. तासाभरात उत्तमच्या हातून दोनच चेंडू सुटले. "पत्र पाठवतो," सर म्हणाले.

परतताना गाडीत मी तायड्यांना विचारलं, "तुम्ही कुणाला हातात का देत नाही हो?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "आमी लहान होतो तवा आमच्या हातात कोनी देत नव्हतं, मास्तर. दुकानदार गूळ वरूनच टाके. शाळेतला मास्तर पाटी दुरूनच फेके. फुटली तं मार आमालेच. मंग शिकलो. चीज पाह्याची, देनारा नाही पाह्याचा. झेलता झेलता गोलकीपर झालो. मलेही बोलावलं होतं एका कॉलेजानं. कागद लिहून देनारं कोनी भेटलं नाही."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता मी सगळ्याइले फेकतो. हमालालेही, पाटलालेही." आणि छत्री आठवून असेल, गालातल्या गालात हसले.

मी मराठीचा मास्तर. कारंजा येईपर्यंत मी माझी ती चार पानं मनातल्या मनात पुन्हा लिहीत होतो.

आठवड्याने शाळेत पत्र आलं. उत्तमला घेतलं होतं. मी ते घेऊन स्टँडवर धावतच गेलो. उत्तम केबिनपाशी उभा होता. आनंदाच्या भरात मी तिथल्या रिवाजाप्रमाणे ओरडलो, "उत्तम, घे."

पत्राला वजन नसतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. ते वाऱ्यावर वळलं आणि गाडीच्या चाकाशी, ऑइल सांडलेल्या मातीत पडलं. उत्तम उचलायला वाकला.

"थांब," तायडे म्हणाले.

ते केबिनमधून उठून आले. पत्र स्वतः उचललं, खाकी पँटला पुसलं, घड्या सरळ केल्या. मग उत्तमच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं. उत्तम सवयीने एक पाऊल मागे सरून, पंजे पसरून उभा राहिला.

"जवळ ये ना लेका. टाकून नाही राह्यलो."

उत्तमने ते घेतलं. तायड्यांनी लगेच सोडलं नाही. घटकाभर चार हात त्या कागदाला धरून होते.

मग माझ्याकडे न पाहताच तायडे म्हणाले, "मास्तर, तुमाले लिवताही येत नाही, अन् फेकताही येत नाही."