बसलेलं अणुयुद्ध

सुभेदार भिवाजी उतेकरांनी टाळलेलं अणुयुद्ध त्यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबरच गावी आलं आणि पडवीतल्या बाकावर राहू लागलं. गावाने चार दिवस नावं ठेवली, मग सवय झाली. त्याच्या अंगाला चांगली धग होती. आळीतल्या बायका त्याच्या बाजूला पापड वाळत घालत आणि चहा पिऊन होईस्तोवर ते कडक झालेले असत.

पुण्याहून इरावती दामले सुभेदारांवर माहितीपट करायला आली, तेव्हा त्यांनी घडलं ते सरळ सांगून टाकलं.

"चौकीवर पहाऱ्याला होतो. पहाटे हे आलं. म्हणालं, साहेबांना भेटायचंय, आज व्हायचं ठरलंय. म्हटलं, साहेब अंघोळीला गेलेत, बस."

"मग?"

"बसलं."

"त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?"

"साहेबांना अर्ध्या अंघोळीतून उठवलं, तर ते मला फाडून खातील, हे होतं."

त्याच दिवशी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना वाटलं, हे जुन्या साहेबांकडे आलेलं असणार. त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही आणि ते उठलं नाही.

मग इरावतीने कॅमेरा बाकाकडे वळवला. "तुम्हाला टाळलं गेलं. काय वाटतं?"

"मला कुणी टाळलेलं नाही, मॅडम," युद्ध म्हणालं. मूळचं नपुंसकलिंगी असलं, तरी पलटणीत राहून ते पुरुषासारखं बोलायला शिकलं होतं. "टळलेलं निराळं, बसलेलं निराळं. मी बसलोय."

इरावतीची पंचाईत झाली. माहितीपटाचं नाव 'टळलेलं युद्ध' असं ठरलं होतं. "पण शेवटी तुम्ही निघून जाताना दिसायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर संपलं हे लोकांना कळणार कसं?"

त्या घरात 'ऊठ' हा शब्द कुणी उच्चारत नसे. सुभेदारांना स्वतःला सकाळी जागं करायचं, तर त्यांची बायको, म्हणजे गावाच्या अनसाकाकी, उशाशी भांडी आपटत. हे इरावतीला बाजूला घेऊन सांगावं म्हणून ते काठी शोधू लागले, तोवर तिने सांगून टाकलं होतं, "उठा ना जरा. त्या फणसापर्यंत पाठमोरे चालत जा."

युद्ध उठलं.

पडवीची कौलं तडतडली. पापड जागच्या जागी करपले. गावातली कुत्री एकदाही न भुंकता नदी ओलांडून पलीकडे गेली.

"कुठे रे?" सुभेदारांनी विचारलं.

"राहिलंय ते करून टाकतो. मॅडमनी उठवलं ना."

सुभेदारांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते काठी घेऊन पडवीच्या दारापर्यंत पोचायच्या आत युद्ध उंबऱ्याशी पोचलंही. तेवढ्यात पदराला हात पुसत अनसाकाकी बाहेर आल्या.

"न सांगता निघालास? इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस ना?"

युद्ध ओशाळलं. "चुकलो, काकी. जातो."

"जातो म्हणतात होय? येतो म्हणावं."

"ये—"

"येतो नको!" सुभेदार ओरडले. "ह्याने येतो म्हटलं की आलंच समज! जातो म्हण रे!"

"माझ्या दारात जातो नाही चालायचं. अभद्र ते."

"अगं, अणुयुद्ध आहे ते!"

"असेना का. माणसांत राहिलंय ना? मग माणसासारखं बोलू दे की."

"निघतो म्हणा," इरावतीने सुचवून पाहिलं.

"निघतो कचेरीतून म्हणतात," काकी म्हणाल्या. "घरातून नाही."

"मग म्हणू तरी काय मी?" युद्धाने विचारलं. ते खरोखरच अडचणीत आलं होतं.

काकींनी बराच विचार केला. त्यांनाही सुचेना. "ते बघू मागाहून," त्या म्हणाल्या. "पण उंबऱ्यावर उभा राहू नकोस. एक तर बाहेर हो, नाहीतर आत."

बाहेर जायचं तर काहीतरी म्हणावं लागत होतं. आत यायला काही म्हणावं लागत नव्हतं. युद्धाने हे मनाशी पुन्हा एकदा पडताळलं आणि ते वळून आत आलं, थेट माजघरापर्यंत.

इरावतीचा कॅमेरा अंगणात होता. त्यात एवढंच आलं, की एक पाठमोरं अणुयुद्ध दारातून सावकाश अंधारात दिसेनासं होतं.

माहितीपट टीव्हीवर लागला, तेव्हा अर्धी आळी सुभेदारांच्या माजघरात जमली होती. शेवटच्या दृश्याला लोक हळहळले, मग उभे राहून त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मधल्या खुर्चीतल्या युद्धालाही शेवट फार आवडला. त्याने टाळीसाठी हात उचलले, एवढ्यात काकींनी त्या हातांत शेंगांची परात ठेवली.

"एवढ्या सोलून दे," त्या म्हणाल्या. "आणि दाणा मोडायचा नाही."

युद्ध एकेक शेंग हलक्या हाताने सोलू लागलं.