बिरादार सर मोबाइलला मार्क देतात

लातुरातले आमचे शेजारी बिरादार सर रोज सकाळी मोबाइलला गणित घालतात. उत्तर बरोबर आलं की म्हणतात, "शाबास, बस खाली." मोबाइल खालीच ठेवलेला असतो, ती गोष्ट वेगळी.

सरांनी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात मॅट्रिक्स शिकवलं. म्हणजे आकड्यांच्या आडव्या-उभ्या रांगा आणि त्यांचे गुणाकार. त्यात म्हणे आधी कोणाला घ्यायचं याला फार महत्त्व. "क्रम बदलला की उत्तर बदललं!" हे वाक्य त्यांनी वर्गातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. जळकोटच्या एका लग्नात वाढप्यानं आधी वरण ओतलं आणि मग त्यावर भात घातला. सरांनी ताट परत पाठवलं. नवरदेवाचा बाप हात जोडून आला, तर त्यालाही तेच ऐकावं लागलं.

मोबाइलवरचा हा मॅट्रिक्सचा कॅल्क्युलेटर बंगळुरूला असलेल्या त्यांच्या लेकीनं, रेणुकानं बनवलाय. आकडे भरायचे, बटण दाबायचं, उत्तर हजर. दुसऱ्या बापानं पेढे वाटले असते. सरांनी पाटी काढली. प्रत्येक उत्तर हातानं ताडायचं आणि चूक सापडली की गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "पोरीनं उणे चिन्ह खाल्लं!" लगेच तिला मेसेज. संध्याकाळी तिचा फोन. मग बापलेकीचं कडाक्याचं भांडण, आणि शेवटी हळूच, "जेवलीस का गं?"

परवा गेलो तर सर पाटी मांडीवर घेऊन गप्प बसलेले.

"महिनाभर बघायलोय, एक चूक सापडंना. शून्य घातलं, अपूर्णांक घातले. पोरगी चुकंनाच झाली!" त्यांची छाती फुगली होती. खरं सांगतो, माझीही फुगली. आमच्या गल्लीतली पोर आहे ती.

"मग पेढे आणा, सर!"

"आणतो की." सर मोबाइलकडे बघत राहिले. "पण आता तिनं फोन कशापायी करावा?"

"तुम्हीच लावा की. सगळं बरोबर आलं म्हणून सांगा."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "रेणुका, तुला पैकीच्या पैकी दिलेत."

पलीकडून घाबरा आवाज आला, "बाबा, तब्येत बरी नाही का तुमची? मी शनिवारी येऊ?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. जन्मात कुणाचं चुकीचं उत्तर चालवून न घेतलेला तो माणूस बारीक आवाजात म्हणाला, "हाव. ये."