गुणवंतभाऊंची तापणारी गाडी

गुणवंतभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी कूलरच्या मागे जातात. यजमान "या, बसा" म्हणत असतो, आतून पाण्याचा ग्लास निघालेला असतो, आणि भाऊ खिशातली टॉर्च काढून कूलरची वाळ्याची ताटी बाजूला सारून आत डोकावत असतात. पंखा नीट न्याहाळतात, "नाई, हा नाई," असं पुटपुटतात आणि मग खुर्चीवर बसून घरच्यांच्या तब्येतीची चौकशी करतात.

आमच्या शेलूबाजारात आता याचं कोणाला काही वाटत नाही. बाहेरचे मात्र दचकतात. माझ्या पुतणीचं स्थळ बघायला भाऊंना घेऊन मंगरूळपीरला गेलो होतो, तर नवऱ्या मुलाच्या दारात चप्पल काढल्या काढल्या भाऊ थेट कूलरमागे. मुलाच्या बापाला वाटलं, ही मंडळी कूलरवरून घराची ऐपत जोखतात. तो घाईघाईने म्हणाला, "नवीन घ्यायचाच हाय हो, यंदा राहून गेला." लग्न जमलं. पहिल्या उन्हाळ्यात पुतणीला नवा कूलर मिळाला, त्याचं श्रेय भाऊंनाच.

माझं मेडिकल स्टोअर आणि भाऊंचं कृषी केंद्र यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्यामुळे त्यांची सगळी वेडं मला आधी कळतात, आणि बरीचशी निस्तरावीही लागतात. त्यातलं सगळ्यात मोठं वेड म्हणजे त्यांची गाडी. दोन सीटची, बिनटपाची, हिरव्या रंगाची विलायती स्पोर्ट कार. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मी काहीही लिहिलं तरी भाऊ माझा उच्चार सुधारतील. तरुणपणी कारंज्याच्या एका जिनिंगवाल्याकडून त्यांनी ती घेतली, काही वर्षं हौसेने पळवली. पुढे संसार, दुकान, घराचं बांधकाम यांत ती पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. त्या काळात भाऊंच्या चुलतभावाने एक पराक्रम केला. इंजिनापुढचा लोखंडी पंखा "रिकामा पडून हाय" म्हणून काढला आणि कूलर बनवणाऱ्याला देऊन टाकला. त्या कूलरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "लावला असन कोनत्या तरी कूलरले. मी काय पंख्याचं बारसं केलं व्हतं?"

तेव्हापासून ती टॉर्च.

"दुसरा पंखा बसवा ना," असं भाऊंना म्हणणाऱ्याची धडगत नसते. "कंपनीनं जे देल्लं, थेच," हे त्यांचं ब्रीद. ते गाडीपुरतं असतं तरी चाललं असतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची दाढ पडली. डॉक्टर म्हणाले, नवी बसवून देतो. भाऊंनी विचारलं, "ओरिजिनल भेटते काय?" भेटत नाही म्हटल्यावर उठून आले. ती जागा अजून रिकामी आहे आणि भाऊ त्या बाजूने शेंगदाणे खात नाहीत.

यंदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. वहिनींचं माहेर कामरगाव. तिथे वैशाखात त्यांच्या भावाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न निघालं. भाऊंनी दुकानात जाहीर करून टाकलं, "हळदीच्या दिवशी आमी दोघं त्या गाडीतच जाऊ. अन् ओरिजिनल कूलिंग लावूनच जाऊ. नाई जमलं तं बायको जाईन येष्टीनं बायांसंगं, अन् मी जाईन मोटरसायकलनं." सगळ्यांनी एकच अर्थ काढला की भाऊंना साळ्यापुढे मिरवायचं आहे. मीही तोच काढला. मेव्हण्याच्या मांडवात हिरव्या गाडीतून उतरायला कोणाला आवडणार नाही?

ही बातमी भाऊंच्या पुण्यातल्या मुलाला लागली. मुलगा गुणी. त्याने चकचकीत ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर, विजेवर चालणारा पंखा आणि लागतील त्या नळ्या पार्सलने पाठवल्या. खोकं उघडलं तेव्हा आमचे गॅरेजवाले रशीद मिस्त्री लहान पोरासारखे हरखले. "भाऊ, ये डालो और टेन्शन खतम! पंचेचाळीसच्या उन्हातबी काटा हलनार नाई."

भाऊंनी खोकं बंद केलं आणि माळ्यावर ठेवलं.

त्यांनी जुनाच रेडिएटर खांद्यावर टाकून अकोला गाठलं, तांब्या-पितळेचं काम जाणणारा एक म्हातारा शोधला आणि गळती बंद करून आणली. मग टोपणाचा घोळ सुरू झाला. या रेडिएटरचा गळा खोल, त्यामुळे टोपणही लांब मानेचं लागतं. आखूड बसवलं तर दाब धरत नाही, पाणी आपलं वाहत राहतं. कोइमतूरच्या एका माणसाने आधी आखूड पाठवलं, मग पुन्हा आखूडच पाठवलं. भाऊ त्याच्याशी फोनवर हिंदीत भांडायचे, तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा, आणि दोघंही समाधानाने फोन ठेवायचे. अखेर लांब मानेचं टोपण आलं, तेव्हा भाऊंनी ते देवासमोर ठेवून मग दुकानात आणलं.

पंखा मात्र मिळेना. हळद आठवड्यावर आली. मुलाने मला फोन केला, "काका, तुम्ही तरी समजवा. जुन्या सामानावर ही गाडी रस्त्यात उकळणार." मी भिंतीपलीकडे जाऊन समजावलं. भाऊ म्हणाले, "उकळते तं उकळू दे."

वहिनींनीही सांगून पाहिलं. वहिनी बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरी सकाळपासून पापड-कुरडयांच्या बायांचा राबता असतो. ओसरीवर पापड, गच्चीवर पापड, पलंगावरही पापड. नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे "जेवले काय?" आणि "हाव." बायांच्या त्या गर्दीतूनच वहिनी म्हणाल्या, "लावा ना थो पोरानं पाठवलेला. त्याचं मन कायले मोडता?" भाऊ ओसरीवरचे पापड ओलांडून दुकानात निघून आले.

आणि मग वाशीममध्ये चमत्कार झाला. माझ्या जागेच्या वादासाठी मी वकिलाकडे गेलो होतो आणि भाऊंना सोबत नेलं होतं. वकीलसाहेब आमची बाजू समजावून सांगत असताना भाऊ सवयीप्रमाणे उठले आणि कूलरमागे गेले. या वेळी "नाई" ऐकू आलं नाही. मग भाऊ डोळे पुसत बाहेर आले.

"वकीलसाहेब, हा कूलर मले द्या. आजच नवा कूलर आणून देतो, मोठ्ठा."

जुना खडखडता कूलर घेऊन नवा देणारा माणूस वकिलाने जन्मात पाहिला नव्हता. त्याने ताबडतोब नकार दिला. त्याला वाटलं, आत सोनं तरी आहे नाहीतर पुरावा. शेवटी त्याच्यादेखत पंखा बाहेर काढला. वकिलाने तो उलटासुलटा केला, वास घेतला, आणि मग तो भाऊंकडून "या पंख्यावर माझा यापुढे कोणताही दावा राहणार नाही" असं लिहून घ्यायला लागला. मी म्हणालो, साहेब, दावा तुम्ही सोडायचा आहे. तेव्हा कागद फाडला. माझ्या जागेचं पुढे काय झालं ते विचारू नका.

हळदीच्या दिवशी सकाळी गाडी शेडबाहेर आली. साऱ्या बाजारपेठेने टाळ्या वाजवल्या. वहिनी पापडाच्या बायांना शेवटच्या सूचना देत देत बसल्या आणि गाडी कारंज्याच्या दिशेने निघून गेली.

लग्नाचं आमंत्रण मलाही होतं. दुपारी दुकान बंद करून मी मोटरसायकलवर निघालो. कारंजा मागे टाकून थोडा पुढे गेलो, तर रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत हिरवी गाडी. बॉनेट वर. बिचाऱ्या भाऊंची मेव्हण्यापुढे काय शोभा होणार!

जवळ जाऊन बघतो, तर झाडाखाली सतरंजी अंथरलेली. पुऱ्यांचा डबा उघडा. वहिनी पाय पसरून बसलेल्या आणि काहीतरी सांगता सांगता इतक्या हसत होत्या की त्यांना पुढचं बोलता येईना. भाऊ हनुवटीखाली हात धरून ऐकत होते. पर्समध्ये फोन वाजत होता, तो कोणी उचलत नव्हतं. इतक्या वर्षांत या दोघांना मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी गाडीकडे गेलो. भाऊही उठून मागे आले. लांब मानेचं टोपण काढून बाजूला ठेवलेलं होतं, रेडिएटर काठोकाठ भरलेला. वाफ नाही, काही नाही. मी हात लावला.

"भाऊ, ही तर केव्हाच थंड झाली!"

"हळू बोल ना बे." भाऊंनी माझं मनगट धरलं. "पोराचा रेडिएटर लावला असता, तं गाडी सरळ मांडवात जाऊन थांबली असती. तिथं गेलं का ही बायांत अन् मी मानसांत. घरी तं तू पाह्यतच. लग्न झाल्यावर पह्यल्यांदा हिले माहेरी नेलं, तवा ही गाडी जागोजागी उकळली होती. जागोजागी आमी बसलो. तेवढंच बोललो राजा, उभ्या जन्मात. आता म्हातारपन आलं. मले वाटलं, अजून एक डाव बसावं."

या माणसाला मी मिरवणारा समजत होतो, त्याची लाज वाटली. मी उगाच त्या पंख्याचं पातं फिरवून बघितलं.

भाऊंनी आवाज चढवला, वहिनींना ऐकू जावा इतका. "लय तापली बावा! अजून हात लावू देत नाई!"

मी वळून वहिनींकडे पाहिलं. पाण्याची कॅन त्यांच्याच शेजारी रिकामी पडली होती आणि त्यांचा पदर ओला होता. रेडिएटर थंड झाल्यावर त्यांनीच भरला होता. त्यांनी डब्यातली एक पुरी भाऊंसाठी काढून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, तुमी व्हा पुढे. आमच्या दादाले सांगा, गाडी लयच तापली हाय. आमाले उशीर व्हईन."