अत्यावश्यक म्हैस

आमच्या गल्लीत एक रुग्ण सापडला आणि गल्ली रीतसर बंद झाली. दुपारी पालिकेची गाडी बांबू टाकून गेली. दिवस मावळायच्या आत तालमीच्या पोरांनी ते तोंडाशी आडवेतिडवे बांधले आणि नारळही फोडला. तालीम मंडळाचा अध्यक्ष बाळासो हा कोरोनाच्या आधी गणपती, शिवजयंती आणि फुटबॉलची भांडणं बघायचा. आता प्रशासनानं त्याला पिवळं जाकीट आणि शिट्टी दिली होती. बांबूंवर लगेच फ्लेक्स चढला : ‘प्रतिबंधित क्षेत्र. आपले सहकार्य हीच आमची ताकद. सौजन्य : बाळासो व मित्रपरिवार.’ फ्लेक्सवर बाळासो मास्क हनुवटीवर घेऊन नमस्कार करत होता. गल्लीच्या दक्षता समितीचा सचिव या नात्यानं माझाही फोटो होता, पण कोपऱ्यात आणि लहान. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आदेश स्वच्छ होता. आतली व्यक्ती बाहेर जाणार नाही, बाहेरची व्यक्ती आत येणार नाही. दूध, औषधं आणि भाजीपाला अत्यावश्यक. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं, पण धोंडुबाईंचं घर गल्लीच्या तोंडाशी, बांबूच्या आत होतं, आणि त्यांची म्हैस हरणी रस्त्यापलीकडच्या गोठ्यात, बांबूच्या बाहेर. हरणी दूध देत असल्यामुळं अत्यावश्यक ठरली. धोंडुबाई नुसत्या माणूस असल्यामुळं ठरल्या नाहीत.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडं दूध माणसाकडं येण्याआधी माणूस दुधाकडं जातो. संध्याकाळी म्हैस कट्ट्यापाशी येऊन उभी राहते. पेला पुढं करायचा, धार थेट पेल्यात, आणि फेसासकट तोंडाला लावायचं. आमची अख्खी गल्ली हरणीवर पोसली होती. धोंडुबाईंचा नवरा गेल्यावर त्यांचं घरही हरणीवरच चाललं होतं. आणि यंदा हरणीचं रेडकू दगावल्यापासून ती धोंडुबाईंशिवाय कुणालाच कासेला हात लावू देत नव्हती. गोठ्यामागंच राहणारा त्यांचा दीर पिराजी वैरण घालायचा, शेण काढायचा. धार मात्र त्याच्या हातून निघत नव्हती.

पहिल्या संध्याकाळी पिराजीनं प्रयत्न केला. हरणीनं त्याला बादलीसकट भिंतीपाशी पोचवला.

‘‘वैनी,’’ तो बांबूपलीकडून ओरडला, ‘‘पान्हाच सोडंना. तुमीच या.’’

धोंडुबाई बाळासोकडं वळल्या. ‘‘रस्ता वलांडती, धार काढती आन माघारी येती. तुझा च्या गार व्हायच्या आत.’’

‘‘काकी, मला काय अडचण न्हाय,’’ बाळासो म्हणाला. ‘‘पन मॅडमना इचारायला पायजे.’’

मॅडम म्हणजे तेजस्वी मॅडम, आमच्या भागाच्या नोडल अधिकारी. मूळच्या उद्यान विभागाच्या. सगळं नीट ऐकून त्यांनी सांगितलं, की ई-पास काढावा. मी सचिव म्हणून स्वतः फोन घेऊन बसलो. प्रवासाच्या कारणांत विवाह, अंत्यविधी, वैद्यकीय तातडी आणि अडकून पडणे एवढेच पर्याय होते. धार काढणे नव्हतं. वाहन क्रमांक भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता, म्हणून रस्ता ओलांडायला आम्ही पिराजीच्या मोटरसायकलचा नंबर टाकला. मग अंतराच्या रकान्यात अडकलो, आणि हेल्पलाइनला विचारलं.

‘‘एक किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला पास लागत नाही,’’ पलीकडचा मुलगा म्हणाला.

‘‘मग तशाच जाऊ देत त्यांना?’’

‘‘छे, प्रतिबंधित क्षेत्रातून पासशिवाय कसं जाता येईल?’’

पशुसंवर्धन खात्याचं म्हणणं पडलं, की अडचण माणसाची आहे, म्हशीची नाही. आरोग्य खात्याच्या मते अडचण म्हशीची होती. पोलीस चौकीतल्या हवालदारानं माणुसकीनं एक मार्ग सुचवला, की म्हैस मेल्यावर अर्ज करा, अंत्यविधीखाली बसवता येईल. धोंडुबाई हे ऐकून उठल्या, बांबूपाशी गेल्या आणि गोठ्याकडं बघत उभ्या राहिल्या. गोठ्यातून हरणी हंबरत होती.

तोड काढली ती त्यांनीच. दुसऱ्या दिवशी पिराजीला त्यांनी म्हैस रस्ता ओलांडून बांबूला खेटून उभी करायला लावली. स्वतः आतल्या बाजूला उकिडव्या बसल्या, बांबूंच्या फटीतून दोन्ही हात बाहेर घातले आणि ‘ये गं बाय माजी’ म्हणाल्या. हरणीनं मान वळवून बघितलं. थोड्या वेळात बादलीत धारेचा आवाज यायला लागला. धोंडुबाईंनी कपाळ बांबूला टेकवलं होतं आणि त्या रडत होत्या. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मॅडम आल्या तेव्हा हात बाहेर गेले म्हणजे व्यक्ती बाहेर गेली काय, असा प्रश्न निघाला. मॅडमनी बराच विचार करून निर्णय दिला, की व्यक्ती जिथं बसलेली असते तिथं ती असते. बाई आत आहेत, म्हैस बाहेर आहे, कुणीच हद्द ओलांडलेली नाही. प्रश्न उरला बादलीचा. बादली आत ठेवली तर दूध प्रतिबंधित क्षेत्रात जमा होतं आणि बाहेर नेता येत नाही. बाहेर ठेवली तर ते बाहेरचं दूध होतं, आणि बाहेरचं दूध अत्यावश्यक म्हणून आत आणता येतं. तेव्हा बादली बाहेर. दूध किटलीत ओतून आत येताना किटलीवर सॅनिटायझर मारायचं काम बाळासोकडं. पहिल्या उत्साहात त्यानं कासेवरच फवारा मारला. त्याच्या पिवळ्या जाकिटावर खुराचा ठसा उमटला तो त्याच दिवशी.

इथवर सगळं नियमात होतं. पण बादली बाहेर असल्यामुळं एक अन्याय सुरू झाला, ज्याकडं मॅडमचं लक्ष गेलं नाही. पलीकडच्या गल्लीतले लोक पेले घेऊन बाहेरच्या बाजूला येऊ लागले. म्हैस आमच्या गल्लीची, धार काढणारी आमच्या गल्लीची, आणि फेस पितायत पलीकडचे. आमच्यापर्यंत दूध यायचं ते किटलीतनं, सॅनिटायझरच्या वासाचं, आणि फेस कधीच बसलेला. मी चौकशी केली तेव्हा पलीकडच्या गल्लीतला आकाराम, मिशीला फेस तसाच ठेवून, मला म्हणाला, ‘‘सचिव, तुमी आत सुरक्षित हाय की. दूध काय, आज हाय उद्या न्हाय.’’

त्यातच कुणीतरी गच्चीवरनं व्हिडिओ काढला. बांबूतनं आलेले दोन हात, कास, बादली, आणि भोवती पेलेवाल्यांची गर्दी. हात कुणाचे ते दिसत नव्हतं. ‘कोल्हापुरात काय चाललंय बघा’ एवढंच वर लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तो गडमुडशिंगीच्या माझ्या मेव्हण्यानं मलाच पाठवला.

एक जबाबदार नागरिक म्हणून मी तक्रार केली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता, फेसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मी फोन लावला तेव्हा मटणाच्या रांगेत उभा होतो. आता मी तिथं कसा, असं कुणी विचारेल. गल्लीला मागच्या बाजूनं एक बोळ आहे. तो पालिकेच्या नकाशात नसल्यामुळं तिथं बांबू आले नव्हते, आणि जिथं बांबू नाहीत तिथं प्रतिबंध कसा असेल? सगळी गल्ली तिथनंच ये-जा करत होती. धोंडुबाईंना मात्र बोळाचा उपयोग नव्हता, कारण गोठ्यात जायचं तर फिरून पुन्हा बांबूसमोरच यावं लागे, आणि तिथं बाळासो खुर्ची टाकून बसलेला.

‘‘तक्रार नोंदवली आहे,’’ हेल्पलाइनचा मुलगा म्हणाला. ‘‘आपण घरीच राहा, सुरक्षित राहा.’’

‘‘अर्थात,’’ मी म्हणालो आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकलो.

दोन दिवसांनी पत्रे आले. तेजस्वी मॅडम या वेळी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या. वरून आदेश होता, की बांबूंच्या फटी बंद करा. जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत पत्रे ठोकले गेले. धोंडुबाई मॅडमसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

‘‘मॅडम, तिला दूध धरून ठेवता येत न्हाय. कास भरली की दुखती वो. बाईमानूस हाईसा तुमी, तुमास्नी सांगाय लागतं व्हय?’’

‘‘मावशी, मला समजतंय,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण व्हिडिओ मुंबईपर्यंत गेलाय. मी तरी काय करू?’’

पत्र्यांवर नवा फ्लेक्स लागला. या वेळी माझा फोटो जरा मोठा होता.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. हरणी हंबरायची. आधी सकाळ-संध्याकाळ, मग दिवसभर. धोंडुबाई पत्र्याला तोंड लावून तिच्याशी बोलायच्या. आवाज ओळखून ती पत्र्यापाशी यायची आणि पलीकडनं शिंगं घासायची. पिराजीनं पुन्हा बसून बघितलं, पाय बांधून बघितलं, तिच्यासमोर धोंडुबाईंचं लुगडं टांगून बघितलं. गल्लीतल्या लहान मुलांचे ऑनलाइन वर्ग चालू होते, म्हशीच्या आवाजानं त्यांच्या शिक्षणावर परिणाम होतो असा ठराव समितीला करावा लागला. तो आवाज ऐकवत नव्हता, म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या.

‘‘वैनी,’’ एका सकाळी पिराजी पत्र्यापलीकडून म्हणाला, ‘‘कास दगडावानी झालीया. धारंतनं रगात याय लागलंय. डाक्टर फोनवर म्हनतोय, कास मोकळी करत ऱ्हावा, न्हायतर सड जात्यात.’’

धोंडुबाईंनी पदर खोचला आणि बोळाकडं चालू लागल्या. भरउन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बोळातून फिरून त्या बांबूसमोर आल्या तेव्हा बाळासो खुर्चीतून उठला.

‘‘काकी, माघारी जावा. माज्या हातात काय न्हाय.’’

‘‘शिट्टी हाय की,’’ धोंडुबाई म्हणाल्या. ‘‘तेवढी वाजवू नगंस.’’

बाळासोनं वर बघितलं. गच्च्यांवर आम्ही सगळे फोन धरून उभे होतो. बाळासो वाईट माणूस नाही. लहानपणी तोही हरणीच्या आईचं दूध प्यायलाय. पण फोन चालू असताना माणसानं काय करायचं? त्यानं शिट्टी वाजवली. त्याचे डोळे भरले होते, पण व्हिडिओत ते दिसत नाही. शिट्टी चांगली ऐकू येते.

धोंडुबाई गोठ्यात पोचल्या होत्या. हरणीच्या पोटाला डोकं टेकून त्यांनी नुसता हात लावला असेल नसेल, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. साथरोग कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आणि बाहेर फिरल्यामुळं त्यांना संसर्ग झाला असण्याची शक्यता होती, म्हणून खबरदारी घेऊन त्यांना एका वसतिगृहात, जिथं सगळ्यांना संसर्ग झालेला होता तिथं, ठेवण्यात आलं.

त्या परत आल्या तोवर गल्ली उघडली होती. बांबू निघाले होते, पत्रे बाळासोच्या नव्या शेडला लागले होते. हरणीच्या कासेचे दोन सड मेले होते आणि उरलेल्या दोन सडांत दूध आटलं होतं. अशी म्हैस गोठ्यात ठेवून पोसायची कशावर? पेठ वडगावचा जनावरांचा बाजार सुरू झाल्यावर पिराजी तिला घेऊन गेला. विकत घेणारा कशासाठी घेतोय हे त्यानं विचारलं नाही, आणि धोंडुबाईंनी त्याला विचारलं नाही.

मग सत्कार आला. नियम काटेकोर पाळल्याबद्दल आमची गल्ली आदर्श प्रतिबंधित क्षेत्र ठरली होती. तालमीपुढं मांडव घातला, बाळासोला सन्मानचिन्ह मिळालं, मलाही मिळालं. धोंडुबाईंनाही बोलावलं होतं. गल्लीला इतका काळ दूध पुरवल्याबद्दल त्यांना शाल, श्रीफळ आणि योद्धा म्हणून प्रमाणपत्र द्यायचं होतं. शाल अंगावर पडल्यावर निवेदकानं त्यांच्यापुढं माईक धरला.

‘‘मला एवढंच इचारायचं हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फोन कुनी केलता?’’

मी चपलेकडं बघू लागलो. शेजारच्या खुर्चीवरचे, आमच्याच गल्लीतले गणपती गुरुजीही चपलेकडंच बघत होते. त्यांच्यापलीकडं बाळासोही. तेव्हा तेजस्वी मॅडम उठल्या. बिचाऱ्यांना बहुधा आम्हाला वाचवायचं होतं.

‘‘मावशी, एकानं कुणी केला नव्हता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या गल्लीतल्या घराघरातून आला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच केलाय. पण तुम्ही यांच्यावर राग धरू नका. एवढ्या फोनवर पत्रे येत नसतात. व्हिडिओ बघून बाहेरून जे फोन आले, त्यांनी आले. पुणं, नागपूर, नाशिक, कुठून कुठून. दोन दिवस आमच्या लाइनी लागत नव्हत्या.’’

धोंडुबाईंनी शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि त्या मांडवातून निघून गेल्या. आम्हाला ते आवडलं नाही. जाहीर कार्यक्रमात असं वागू नये, यावर समितीचं एकमत झालं.

आणि वाचक, तुम्ही माझ्याकडं असं बघायचं कारण नाही. मी निदान हरणीचं दूध प्यायलोय, धोंडुबाईंना नावानं ओळखतो. तुम्ही फक्त दोन हात पाहिले होते. व्हिडिओ पुढं पाठवताना तुम्ही खाली काय लिहिलं होतं, ते आठवतंय का? आठवत नसेल तर मी सांगतो, कारण सगळ्यांनी तेच लिहिलं होतं : अशा लोकांमुळंच हे वाढतंय.