डाव्या बाहीचा सापळा

मुख्याध्यापकांनी निरोप समारंभासाठी शिवून घेतलेला कोट चढवला आणि आरशापुढे दोन्ही हात सरळ केले. उजवी बाही मनगटाशी झकास बसली होती. डावी चार बोटं वर राहिली.

"मामा, माझा डावा हात वाढलाय का हो?" ते एवढंच म्हणाले. ते रागावले नाहीत, हेच शिंपीमामाला जास्त लागलं. डाव्या बाहीची तक्रार अलीकडे रोजची झाली होती. त्याने संध्याकाळी भाच्याला बोलावून घेतलं.

कोटाची मापं घातली की कापायचा आराखडा काढून देणारं ॲप या भाच्याचंच. विकत घेणारे थोडे आणि वापरणारे ढीगभर, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. गिऱ्हाइकं 'ॲपमध्ये खिशाची सोय करा' म्हणून मागे लागली होती. पण हा पठ्ठ्या कित्येक महिने फुकट वापरणाऱ्या चोरांसाठी सापळा रचत बसला. एकच खरेदी अनेक फोनांवर दिसली, की ॲप त्या सगळ्या फोनांवर गुपचूप डावी बाही आखूड काढायचं. या युक्तीवर तो बेहद्द खूश होता.

"दुकान बंद करतोय," मामा म्हणाला. "माझा हात गेला रे."

"ॲप तपासलंस?"

"तुझं ॲप कसं चुकेल? चुकला तर माझा हातच."

गुपचूप दुरुस्ती करून भाच्याला नामानिराळं राहता आलं असतं. पण मामा आपल्या बोटांकडे परक्यासारखा बघत होता, ते त्याला सोसवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सापळा चोराला, आणि अडकला मामा!" काज करता करता मामी म्हणाली.

"पण मामानं तर विकत घेतलंय," भाचा तिला म्हणाला. " त्याची खरेदी दुसऱ्यांच्या फोनवर गेली कशी?"

"गेली कशी म्हणजे? मीच दिली!" मामा म्हणाला. "भाच्यानं केलंय म्हणत गल्लोगल्ली वाटली. वापरून बघितल्याशिवाय कोण घेतो? आवडलं त्यांनी नंतर घेतलंही."

विक्री या भागातच होते, याचं श्रेय भाचा आजवर स्वतःच्या जाहिरातीला देत होता. ज्याच्यासाठी रात्रीचा दिवस केला तो चोर गळ्यात टेप घालून समोर बसला होता.

मामाने बोटं उघडमीट करून पाहिली. "म्हणजे हात शाबूत आहे!" तो खदखदून हसला आणि एकदम थांबला. "अरे, मग बाकीचे शिंपीही असेच बसले असतील की, हात गेला म्हणून."

भाच्याने तिथेच बसून सापळा काढून टाकला आणि उठला.

"कुठे निघालास?"

"सगळ्यांना सांगून येतो."

"एकट्याला पत्ते कसे सापडतील?" मामाने चपला पायात सरकवल्या. "चोराला बरोबर घे."