अण्णांचा टॉवेल

उजाडायच्या आधीच आमच्या संडासाच्या दारावर अण्णांचा लाल काठाचा टॉवेल लटकायचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या चाळीत बिऱ्हाडं सहा आणि संडास एक. दारावर टॉवेल म्हणजे आत माणूस, हा इथला कायदा. पलीकडच्या खोलीतले म्हातारे अण्णा मात्र आत नसतानाही टॉवेल टांगून समोरच्या ओट्यावर पहारा द्यायचे.

"अण्णा, आत कोनीच नाही ना जी!"

"जी-जी करू नको. मला कवा बी लागंल. टॉवेलला हात तर लावून बघ!"

मी आठवीत शाळा सोडलेला, पार गोंदियाकडचा, चादरीच्या कारखान्यात घड्या घालणारा. खोली अण्णांनीच शब्द टाकून मिळवून दिलेली, म्हणून जास्त ताणायचो नाही. पण सात महिन्यांची गरोदर माझी बायको सुनंदा बादली घेऊन ताटकळलेली बघितली की डोकं फिरायचं.

अण्णांचं प्रोस्टेट वाढलेलं. गोळ्यांनी गुण येईना आणि "कापून घेनार न्हाय" हे एकच पालुपद. शेवटी मीच हट्ट धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "कापायचं नाहीच, आजोबा. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून वाढलेल्या ग्रंथीला वाफ द्यायची. संध्याकाळी घरी."

"वाफ? मी काय इडली हाय व्हय?"

पण घेतली वाफ. नंतर काही दिवस नळी होती. लघवीची पिशवी अण्णा बाजाराच्या पिशवीत लपवून फिरायचे. शेजारच्या मालनबाईंनी विचारलं, "काय आणलं, अण्णा?"

"तुजं श्राद्ध!"

फरक पडायला काही आठवडे लागतील, हे डॉक्टरांनी सांगितलेलं अण्णांनी ऐकलंच नव्हतं. तोवर रोज शिव्या. अर्ध्या डॉक्टरांना, अर्ध्या मला. मग एक दिवस एसटीनं मंगळवेढ्याला जाऊन आले आणि गल्लीभर ओरडत सुटले, "मधी कुटं बी उतरलो न्हाय!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? दारावर टॉवेल!

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. "आता तर बरे झाले ना तुमी! माझी बायको किती दिवस उभी राहीन?"

अण्णा दुप्पट ओरडले. "माजं कवाच झालंय! मग हितं कुनासाठी बसलोय रं, गाढवा? दाबून धरल्यावर जीव कसा हुतोय, ते मला इचार. जा, पाठव पोरीला. सावकाश ये म्हनावं, पायरी वली हाय."

मी पळत जाऊन सुनंदाला घेऊन आलो. अण्णांनी दारावरचा टॉवेल काढला होता आणि वाकून, पुटपुटत शिव्या देत, त्याच टॉवेलानं ते पायरी पुसत होते.