व्याह्यांचे सुकाणू

दुसऱ्याची वस्तू दुरुस्तीसाठी आपल्या हाती येते, तेव्हा तिच्यासोबत तिच्या मालकाची सवयही येते. त्यातला वस्तूचा दोष कोणता आणि मालकाची सवय कोणती, हे ओळखणे हाच दुरुस्ती करणाऱ्याचा खरा विवेक होय. हात कुशल असला की हा विवेक पुष्कळदा मागे पडतो. आणि वस्तूचा मालक जर आपला व्याही असेल, तर मागे पडलेला विवेक पुन्हा गाठणे फारच कठीण. कारण व्याह्यांशी खरे बोलण्यापेक्षा गोड बोलणेच शहाणपणाचे, असे सर्व सज्जनांचे मत आहे.

चष्मेवाले असेच एक सज्जन गृहस्थ होते. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांना भिंगे बसवून त्यांनी दुकान बंद केले, आणि तेव्हापासून मागच्या खोलीत ते रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या लहान होड्या बांधण्यात आणि जुन्या होड्यांना पुन्हा पाण्यायोग्य करण्यात रमले होते. खोलीच्या छताला डोलकाठ्या टांगलेल्या, इस्त्रीच्या टेबलावर शिडाचे कापड पसरलेले, आणि सगळ्या घराला व्हार्निशचा वास. होडी पाण्यात सरळ उभी राहते की कलते, हे पाहण्यासाठी न्हाणीघरातला टब अडवला जाई. "या घरात होड्या आंघोळ करतात आणि माणसं पंचा घेऊन बाहेर ताटकळतात," असे त्यांच्या पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात तक्रार कमी आणि वस्तुस्थिती अधिक होती.

एके सकाळी त्यांचे व्याही, म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक होडी दोन्ही हातांवर तान्ह्या बाळासारखी घेऊन आले. व्याही पेशाने दंतवैद्य. सत्तरीला टेकले तरी दवाखाना रोज उघडत. ही होडी त्यांनी तरुणपणी स्वतः बांधली होती. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मधली दोन वर्षे ती माळ्यावर पडून होती.

"व्याहीबुवा, फक्त व्हार्निश," दंतवैद्य म्हणाले. "बाकी कशाला हात लावायची तसदी घेऊ नका. वेडीवाकडी आहे बिचारी. पण माझा हात तिला कळतो."

"फक्त व्हार्निश," चष्मेवाल्यांनी गांभीर्याने वचन दिले.

स्वयंपाकघरातून पत्नीचा खोकला ऐकू आला. फक्त तेल घालण्यासाठी उघडलेले भिंतीवरचे घड्याळ अजून खोक्यातच होते, हे त्या खोकल्याने ज्याला समजायचे त्याला समजले.

दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, नानांची होडी रविवारपर्यंत होईल ना हो?" सासऱ्यांना ती नाना म्हणत असे.

"होईल की. एवढी काय घाई?"

"अहो, नानांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलंय. रविवारच्या शर्यतीत हात नीट चालला तर दवाखाना चालू, नाहीतर सोमवारी किल्ल्या यांच्या हातात. हे म्हणतात, आता विश्रांती घ्या. पण बाबा, नाना घरात बसले तर कसं व्हायचं? दिवसभर आमच्या सगळ्यांचे दात तपासतील!" ती हसली, आणि लगेच तिचा स्वर उतरला. "जेवताना मधेच थांबतात हो, आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसतात. दवाखाना गेला ना, तर ते खचतील."

"तू काळजी करू नकोस," चष्मेवाले म्हणाले. "होडी अशी करून देतो की बघत राहाल."

"बाबा, तशी नको. आहे तशीच द्या."

परंतु प्रेमळ पित्याला मुलीची काळजी ऐकू येते, तिची सूचना तेवढी ऐकू येत नाही. चष्मेवाल्यांनी जुने व्हार्निश घासून काढले, तेव्हा कण्याजवळची एक फळी कुजलेली दिसली. ती न बदलणे अधर्म झाला असता. फळी बदलताना तळाचे शिसे सैल असल्याचे समजले. ते घट्ट केले. शिसे घट्ट झाल्यावर जुने शीड नव्या सुनेशेजारी उभ्या राहिलेल्या जुन्या पाहुण्यासारखे अवघडलेले दिसू लागले. म्हणून नवे शीड शिवले. शेवटी होडी टबात सोडून त्यांनी रिमोटची दांडी उजवीकडे दाबली. होडीचे नाक डावीकडे वळले होते. पुन्हा दाबून पाहिले. उजवीकडे दाबावे तर डावीकडे, डावीकडे दाबावे तर उजवीकडे.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी दाराबाहेर पंचा घेऊन उभ्या असलेल्या पत्नीला हाक मारली. "व्याह्यांनी आयुष्यभर होडी उलट्या सुकाणूनं चालवली!"

"मग चालली ना?"

"चालली गं, पण उलटी!"

"तळ्यापलीकडे जाऊन परत यायची ना? मग उलटी काय नि सुलटी काय. त्यांनी सांगितलंय ना, हात लावू नका म्हणून?"

"अगं, पण रविवारी दवाखान्याचा निकाल आहे. सदोष होडीवर त्यांच्या हाताची परीक्षा व्हायची? हा अन्याय आहे."

दोष काढणे अगदी सोपे होते. सुकाणूच्या माथ्यावर एक आडवी पट्टी होती आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक छिद्र. मोटरीकडून येणारी बारीक तार एका छिद्रात अडकवली होती. ती काढून दुसऱ्या छिद्रात घातली की सुकाणू सुलटे. चष्मेवाल्यांनी चिमट्याने ते क्षणात केले. व्याह्यांना मात्र कळवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या हातची चूक त्यांना दाखवणे असभ्य होते. मौन पाळण्यात मोठेपणा आहे, या विचाराने त्यांना त्या रात्री फार शांत झोप लागली.

रविवारी सकाळी तळ्यावर हौशी मंडळी जमली होती. पाण्यावर मंद वारा होता, शर्यतीच्या वळणांसाठी लाल पिंपे तरंगत होती, आणि अलीकडच्याच काठाला एका बाजूस लव्हाळी उभी होती. मंडळाचे चिटणीस गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होते. दोन्ही विहिणी आणि मुलगी काठावरच्या बाकावर बसल्या. दंतवैद्यांनी आपली होडी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"व्याहीबुवा, हे नुसतं व्हार्निश नव्हे!"

"छे, छे. जरा हात फिरवला इतकंच."

चष्मेवाल्यांची स्वतःची शर्यतीची होडी आधीच पाण्यात होती. शर्यतीपूर्वी सरावासाठी दंतवैद्यांनीही आपली होडी सोडली. होडी डौलाने निघाली. पहिले पिंप जवळ आले, दंतवैद्यांनी सराईतपणे दांडी दाबली, आणि होडी पिंपाकडे पाठ फिरवून थेट लव्हाळ्यांत शिरली. काठीने तिला बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या खेपेस ती चिटणिसांच्या होडीवर चालून गेली. तिसऱ्या खेपेस पुन्हा लव्हाळी, पुन्हा काठी.

"डॉक्टर," चिटणीस ओरडले, "शर्यत पिंपांना वळसा घालायची आहे हो! लव्हाळ्यांत कोणी पेशंट आहे का?"

मंडळी हसली. दंतवैद्यही हसले, पण बाकाच्या टोकाला जाऊन रिमोट मांडीवर ठेवून बसले. चष्मेवाले त्यांच्याजवळ गेले.

"होडीत काही चुकलं असेल का, व्याही?" त्यांनी भीत भीत विचारले.

"तुमच्या कामात चूक? काय बोलता!" दंतवैद्यांनी कानाला हात लावला. "होडी लोण्यासारखी चालते. हात गेला माझा. मी एक सांगतो आणि हात दुसरंच करतो." त्यांनी उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "आयुष्यभर तोंडात इवलासा आरसा धरून दात कोरले. आरशात उजवं ते डावं दिसतं. नवशिक्या पोरांचे हात थरथरतात तिथे. माझा हात आरशातच वाढला. आता त्याला साधी होडी वळवता येत नाही, तर उद्या कुणाच्या दाढेला कसा लावू? उद्या किल्ल्या देऊन टाकतो. बरंच झालं, वेळेवर कळलं."

चष्मेवाल्यांना एकदम सारे उमगले. आरशात वाढलेला हात! तरुणपणी होडी बांधताना त्या हाताला जे सरळ वाटले, तेच त्यांनी जोडले होते. त्या सुकाणूत दोष नव्हताच. त्यात साऱ्या आयुष्याचा सराव होता. आणि तो सराव आपण चिमट्याने काढून टाकला, तोही मोठेपणाने मौन पाळून.

"व्याही, तुमचा हात मुळीच गेलेला नाही," ते घाईने म्हणाले. "मला वाटतं... होडीत एक स्क्रू सैल आहे. मी आत्ता बघतो. तोवर माझी होडी जरा सांभाळा, वाऱ्यानं वाहून जाईल." असे म्हणून त्यांनी आपला रिमोट व्याह्यांच्या हाती दिला, त्यांचा रिमोट आणि होडी उचलली आणि सामानाच्या शेडमागे धाव घेतली.

पत्नी मागोमाग आल्याच. "सांगून टाका त्यांना सरळ."

"काय सांगू? की तुम्ही नको म्हणालात ते मी केलं? आणि तुमची होडी पहिल्यापासून उलटी होती? अगं, शर्यत तोंडावर आली. आज त्यांच्या मनात सरळ-उलट्याचा घोळ घातला, तर हात खरोखरच अडखळायचा!"

"म्हणजे खोटं बोलणार."

"खोटं नाही. थोडं कमी खरं."

तार पुन्हा मूळच्या छिद्रात गेली. होडी पाण्यात उतरली. दंतवैद्यांनी उदास मनाने दांडी दाबली, आणि होडीने पिंपाला असा सुबक वळसा घातला की चिटणिसांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. दुसऱ्या पिंपाला वळसा, तिसऱ्याला वळसा. बाकावरची मुलगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

"अहो, हा तर माझाच हात!" दंतवैद्यांचा चेहरा उजळला. "काय केलंत काय तुम्ही?"

"काही नाही हो. ती... सुकाणूची तार उलटी बसली होती." कोणी बसवली, हे चष्मेवाल्यांनी वाऱ्यावर सोडून दिले.

"कुठे? दाखवा बरं."

चष्मेवाल्यांनी झाकण उघडून दाखवले. "या छिद्रात होती. ती काढून या छिद्रात घातली. झालं."

"अस्सं!" दंतवैद्य वाकून, दाढ तपासावी तसे, बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एकदा व्याह्यांच्या होडीकडे पाहिले, एकदा व्याह्यांकडे पाहिले, आणि काही बोलायचे ते मनातच ठेवले. "चहा घेऊन या तुम्ही. दमलात. मी बसतो होड्यांपाशी."

चष्मेवाले हलक्या मनाने चहा घ्यायला गेले. मुलीने वाटेत त्यांचा हात धरला. "बाबा, काय केलंत हो तुम्ही?" तिच्या स्वरात कौतुक होते की संशय, याचा शोध न घेता त्यांनी तिच्याही हाती चहाचा पेला ठेवला.

शिट्टी झाली. साऱ्या होड्या सुटल्या. चष्मेवाल्यांची होडी मंडळात सर्वांत वेगवान मानली जाई, आणि ती आघाडीला लागली. पहिले पिंप आले. चष्मेवाल्यांनी दांडी उजवीकडे दाबली. होडी डावीकडे वळली आणि तीरासारखी लव्हाळ्यांत घुसली.

"काय हो चष्मेवाले?" चिटणीस कळवळून ओरडले. "तुम्हीसुद्धा?"

चष्मेवाल्यांनी पुन्हा दांडी दाबली. होडी आणखी आत गेली. पलीकडे दंतवैद्यांची होडी एकेक पिंप आरामात मागे टाकत होती. शेवटच्या वळणावर त्यांनी चिटणिसांनाही गाठले आणि ते तिसरे आले. पहिले आले असते तरी इतका आनंद झाला नसता, असा आनंद त्यांच्या तोंडावर होता. सारे त्यांच्याभोवती जमले, आणि चष्मेवाले गुडघाभर पाण्यात उतरून आपली होडी गवतातून सोडवू लागले. त्यांनी झाकण उघडले. तार दुसऱ्या छिद्रात होती. इतकी नेटकी बसवलेली, की दातातले चांदीचे भरणही तिच्यापुढे ओबडधोबड वाटावे.

दंतवैद्य काठावर येऊन उभे राहिले. "व्याहीबुवा, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा ना."

"मघाशी तुमची होडी सांभाळत होतो ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिलाही तोच आजार होता. अगदी तोच! तार उलटी. तुम्ही माझ्यासाठी एवढे खपलात, म्हटलं आपण एवढं तरी करावं. बोललो नाही. म्हटलं, त्यांच्या कामातली चूक त्यांना कशाला दाखवायची? तुम्हाला संकोच वाटला असता." त्यांनी आशेने विचारले, "आता बरी वळते ना?"

चष्मेवाल्यांनी बाकाकडे पाहिले. पत्नीच्या नजरेत स्पष्ट आज्ञा होती: आता तरी खरे बोला. मुलगी मात्र पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू दाबत, मान हलवून नाही नाही म्हणत होती. तिच्या शेजारी विहीणबाई फोनवर मुलाला सांगत होत्या, "अरे, किल्ल्या ठेव जागेवर. यांनी नवीन खुर्ची मागवायचं काढलंय."

"फारच छान वळते," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या बाहीवरून पाणी निथळत होते. "माझाच हात जरा कच्चा पडला."

"छे हो!" दंतवैद्यांनी त्यांचा हात धरून त्यांना काठावर घेतले, आणि तो हात सोडला नाही. उजेडात धरून, बोटे उलगडून, त्यांनी तो नीट तपासला. "काही झालेलं नाही हाताला. सोन्यासारखा हात आहे. इतकी वर्षं उलटी होडी चालवलीत, आता सरळ चालवायला थोडा वेळ लागणारच. पुढच्या रविवारी लवकर या. मी शिकवतो."

"शिकवाल?"

"मन लावून."

घरी परतताना पत्नीने विचारले, "आता ती तार परत बदलणार ना?"

चष्मेवाल्यांनी ओली होडी छातीशी धरली होती. "अगं, ते शिकवणार म्हणाले," ते सावकाश म्हणाले. "शिकवताना होडी सुलटी निघाली तर त्यांना किती वाईट वाटेल."

दंतवैद्यांच्या दवाखान्याचे दार दीर्घकाळ उघडे राहो. चष्मेवाल्यांच्या हाताला नवे वळण लाभो. आणि एकमेकांच्या चुका इतक्या मायेने सुधारणाऱ्या या दोन्ही घरांच्या होड्या, उजवीकडून म्हणा वा डावीकडून, सुखरूप काठाला लागोत.